ओळी सोडून लिहिलेला मजकूर वेबसाईटवर सलग का होतो? स्पेसबद्दल ब्राउझरचे नियम काय आहेत?

एखाद्या वेबसाईटच्या चौकटीत कविता टाईप केली. तिथे प्रत्येक ओळ वेगळी दिसत होती. 'सबमिट' केल्यावर मात्र बारा ओळींचा एकच सलग परिच्छेद झाला. पाककृतीच्या साहित्याची यादी, लग्नपत्रिकेतला पत्ता, कार्यक्रमाचं वेळापत्रक यांचंही अनेकदा असंच होतं.

यात टाईप करणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं आणि ब्राउझरही बिघडलेला नसतो. मोकळ्या जागेबद्दल ब्राउझरचे काही ठरलेले नियम आहेत आणि तो त्याप्रमाणेच वागतो.

मूळ नियम काय आहे?

वेबपेज एचटीएमएल या भाषेत लिहिलेलं असतं. शीर्षक कोणतं, परिच्छेद कोणता, लिंक कोणती हे एचटीएमएल सांगते. रंग, आकार, अंतर या दिसण्याच्या गोष्टी सीएसएस ठरवते.

कोड वाचायला सोपा जावा म्हणून तो लिहिणारे भरपूर स्पेस, टॅब आणि एंटर वापरतात. ही सगळी जागा जशीच्या तशी दाखवली, तर पानावर जागोजागी खड्डे दिसतील. म्हणून सलग आलेले कितीही स्पेस, टॅब आणि एंटर मिळून ब्राउझर एकच स्पेस दाखवतो. परिच्छेदाच्या सुरुवातीची आणि शेवटची जागा तर दाखवतच नाही. ओळ कुठे मोडायची हे स्क्रीनच्या रुंदीवर ठरतं.

मूळ मजकुरातली जागा मात्र पुसली जात नाही. ती फक्त दिसत नाही. कॉम्प्युटरवर पानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' उघडलं, तर ती तिथे सापडते.

मग टाईप करताना ओळी नीट का दिसतात?

मोठा मजकूर लिहिण्याच्या चौकटीला 'टेक्स्टएरिया' म्हणतात आणि तिला या नियमातून सूट आहे. तिथे प्रत्येक स्पेस आणि एंटर दिसतो. तोच मजकूर साध्या परिच्छेदात प्रसिद्ध झाला की नियम लागू होतो आणि ओळी एकमेकींना चिकटतात.

हे टाळणं वेबसाईट बनवणाऱ्याच्या हातात असतं. त्याचे मुख्य मार्ग तीन:

– प्रत्येक एंटरच्या जागी 'बीआर' टॅग घालणं. हा टॅग ब्राउझरला नवी ओळ सुरू करायला सांगतो.
– सीएसएसमध्ये 'व्हाइट-स्पेस' या गुणधर्माला 'प्री-लाइन' ही किंमत देणं. यात ओळी टिकतात, जास्तीचे स्पेस जातात.
– त्याच गुणधर्माला 'प्री-रॅप' ही किंमत देणं. यात ओळी आणि स्पेस दोन्ही टिकतात.

लिहिणाऱ्याने एवढं करावं, की प्रिव्ह्यूची सोय असेल तर तो पाहूनच मजकूर प्रसिद्ध करावा.

न तुटणारी स्पेस

'१० लाख' लिहिल्यावर '१०' एका ओळीत आणि 'लाख' पुढच्या ओळीत गेलं, तर वाचणारा अडखळतो. अशा ठिकाणी 'नॉन-ब्रेकिंग स्पेस' वापरतात. तिच्याजवळ ओळ मोडत नाही आणि अशा अनेक स्पेस सलग आल्या तरी त्यांची एक होत नाही.

पण ती दिसते साध्या स्पेससारखीच. वेबसाईटवरून नावांची यादी एक्सेलमध्ये कॉपी केली आणि दिसायला सारखी नावंही जुळली नाहीत, तर ही स्पेस हे त्याचं एक कारण असू शकतं. एक्सेलचं 'ट्रिम' फंक्शन ती काढत नाही.

मराठीत आणखी एक न दिसणारं चिन्ह येतं. 'दुसऱ्या'मधला अर्धा र काही वेळा 'झिरो विड्थ जॉइनर' हे चिन्ह घालून टाईप केलेला असतो. त्याला रुंदी नसते आणि ब्राउझर त्याला मोकळी जागा धरत नाही. मजकूर 'साफ' करताना सगळीच अदृश्य चिन्हं काढली, तर तिथे रफार येऊन शब्द 'दुसर्या' असा चुकीचा दिसतो.

क्लासमध्ये स्पेसचं काम वेगळं

एचटीएमएलमध्ये एखाद्या भागाला नाव देण्यासाठी 'क्लास' वापरतात आणि त्या नावावरून सीएसएस त्याचं रूप ठरवते. इथे स्पेस दोन नावं वेगळी करते. क्लासमध्ये 'बातमी ठळक लाल' लिहिलं, तर ते एक नाव होत नाही. ते तीन वेगळे क्लास होतात. (क्लासची नावं देवनागरीतही चालतात.)

यातून काही गोष्टी आपोआप येतात:

– नावांमध्ये एक स्पेस असो की पाच, फरक पडत नाही. एकच नाव दोनदा आलं तरी ते एकदाच धरलं जातं.
– नावांचा क्रम महत्त्वाचा नाही. दोन क्लास वेगवेगळा रंग सांगत असतील आणि दोन्ही नियमांचं वजन सारखं असेल, तर सीएसएसमध्ये नंतर लिहिलेला नियम चालतो.
– नावातच दोन शब्द हवे असतील, तर 'ताजी-बातमी' असं हायफनने जोडावं लागतं.
– एकाच टॅगमध्ये क्लास दोनदा लिहिला, तर ब्राउझर दुसरा सोडून देतो. सगळी नावं एकाच ठिकाणी लिहायची असतात.

सीएसएसमध्ये हीच स्पेस अर्थ बदलते. '.ठळक.लाल' म्हणजे दोन्ही क्लास असलेला एकच भाग. '.ठळक .लाल' म्हणजे 'ठळक' भागाच्या आत असलेला 'लाल' भाग. फरक फक्त एका स्पेसचा, पण रंग भलत्याच ठिकाणी लागतो.

क्लासची नावं वेगळी करायला साधी स्पेस, टॅब किंवा एंटर चालतो. नॉन-ब्रेकिंग स्पेस चालत नाही. कुठून तरी कॉपी केलेल्या कोडमध्ये ती आली, तर ब्राउझर दोन नावांचं मिळून एकच नाव समजतो आणि कोणतीच स्टाईल लागत नाही. डोळ्यांना कोड बरोबरच दिसत असतो. अशा वेळी ती स्पेस खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाईप करून पाहावी.