बेंद्रे यांचे निसर्गचित्र

चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यावर एक आक्षेप फार पूर्वीपासून घेतला जातो. त्यांना स्वतःची अशी शैली नव्हती. आज वास्तववादी, उद्या घनवादी, परवा अमूर्त आणि उतारवयात ठिपक्यांची चित्रे, असा तो आक्षेप. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह मंडळींचा इतिहास जितक्या आवडीने लिहिला गेला तितका बेंद्रे यांचा लिहिला गेला नाही. 'थोर शिक्षक' एवढ्या दोन शब्दांवर त्यांची बोळवण होते. इंदूर आणि बडोदे येथील जुन्या मराठी घरांना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटतो, आणि तो स्वाभाविकही आहे. पण आपलेपणा हे आक्षेपाचे उत्तर नव्हे. त्यासाठी चित्रांकडेच जावे लागते.

बेंद्रे यांचा जन्म इंदूरचा, २१ ऑगस्ट १९१० चा. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी होळकरांच्या या राजधानीत १९२७ साली जी चित्रशाळा काढली, तिचे ते आरंभीचे विद्यार्थी. पुढे मकबूल फिदा हुसेन आणि विष्णू चिंचाळकर हेही याच गुरूंच्या हाताखालून गेले. त्या काळी चित्रशिक्षण म्हणजे प्लास्टरच्या पुतळ्यांवरून बिनचूक रेखाटन आणि गुळगुळीत छायाप्रकाश. देवळालीकरांनी विद्यार्थ्यांना उघड्यावर नेले. वस्तू रंगवायची ती तिच्यावर पडलेल्या प्रकाशासह, रंग फार न घोटता, जाड फटकाऱ्यांनी. सावली काळी नसते, तिलाही रंग असतो, हा दृक्प्रत्ययवाद्यांचा धडा माळव्यातल्या पोरांनी फ्रान्सला न जाता गिरवला. नोकरीच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे ओंकारेश्वरी अनेकदा जाणे झाले. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास घाटाच्या पायऱ्यांवरील सावल्या खरोखरच जांभळ्या दिसतात. आधी चित्रे पाहिली नसती तर ते ध्यानात आले नसते, हेही कबूल केले पाहिजे.

१९३६ नंतरची काही वर्षे बेंद्रे काश्मीरमध्ये पर्यटन खात्याच्या कामात होते. तेथील निसर्गचित्रांनी त्यांचे नाव झाले आणि १९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हाच मार्ग धरून राहते तर आयुष्यभर ग्राहकांची वाण पडली नसती. पण १९४५ साली ते शांतिनिकेतनात गेले, तेथे नंदलाल बोस आणि रामकिंकर यांचे काम जवळून पाहिले. १९४७-४८ मध्ये अमेरिका आणि युरोपचा प्रवास केला. १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाची धुरा घेतली तेव्हा ते चाळिशीत होते आणि नव्याने शिकायला बसले होते.

१९५५ चे 'काटा' हे चित्र याचा पुरावा. पायात रुतलेला काटा काढण्याचा साधा, खेडवळ प्रसंग. पण आकृती कोनाकोनांत बांधलेल्या. या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. साठच्या दशकाच्या आरंभी ते आणखी पुढे गेले, आकार वितळले, केवळ रंगांचे ओघ आणि पृष्ठभाग उरले. येथे मात्र माझे मत स्पष्ट सांगतो: ही अमूर्त चित्रे त्यांच्या सर्वोत्तम कामांत मोडत नाहीत. त्यांत हात सराईत आहे, पण डोळ्याला काही काम उरलेले नाही.

याच वाटेवरचा त्यांचा एक विद्यार्थी गुलाम रसूल संतोष. मूळचा काश्मीरचा निसर्गचित्रकार, १९५४ मध्ये बडोद्याला आला आणि पुढे तांत्रिक प्रतीकांच्या चित्रांत कायमचा रमला. तो पैलतीरी राहिला, गुरू परतले. शिष्याला स्वतःसारखे करण्याचा हट्ट बेंद्रे यांनी धरला नाही. ज्योती भट्ट आणि गुलाममोहम्मद शेख यांच्या चित्रांत गुरूची नक्कल शोधूनही सापडत नाही.

१९५९ पासून ते विद्याशाखेचे डीन होते. १९६६ मध्ये त्यांनी पद सोडले आणि मुंबईत केवळ चित्रकार म्हणून राहिले. त्यानंतरची चित्रे ठिपक्यांची. पुष्कळांना ही माघार वाटली. मला तसे वाटत नाही. अमूर्तात जाऊन आलेल्या माणसाने झाड पुन्हा काढले, तर ते पहिले झाड राहत नाही. यातले एखादे चित्र अगदी जवळून पाहावे. नाव घेता येईल असे काहीच दिसत नाही. पिवळा, जांभळा, हिरवा, शेजारी शेजारी न घोटता ठेवलेले कण, आणि ते कण इंदूरच्या त्या फटकाऱ्यांइतकेच ताजे. मग आठ-दहा पावले मागे सरकावे. हळूहळू झाडाची सावली जमते, तिच्यात गुरे उभी राहतात आणि एक बाई डोक्यावर काही घेऊन चाललेली दिसते.