पापणी मिटणाऱ्या मोटारी

मोटारींच्या इतिहासावर बोलायला माझ्यासारख्या कवीला बोलवावं, हे आकाशवाणीचं धाडसच म्हणायला हवं. मला गाडी चालवता येत नाही. मी आयुष्यभर रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस. तरीही हा विषय मीच मागून घेतला, त्याला कारण शारजातला माझा भाचा.

2018 च्या डिसेंबरात मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरटी एखादा तरी माणूस आखातात असतो, तसा हाही. पगार बेताचा, पण त्यानं एक जुनी, दोनच माणसं मावतील अशी जपानी स्पोर्ट्‌स कार हौसेनं घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही. इतिहासातली नावं मात्र घ्यावीच लागतील. या गाडीचे पुढचे दिवे दिवसा दिसत नाहीत. ते बॉनेटमध्ये झाकणाखाली झोपलेले असतात. बटण दाबलं की झाकणासकट वर येतात आणि मग उजळतात. यांना पॉप-अप दिवे म्हणतात. भाच्याच्या गाडीचा डावा दिवा अर्ध्यावर अडकला होता. गाडी जाणाऱ्या-येणाऱ्याला डोळा मारतेय असंच वाटायचं. मला हसू आलं, भाच्याला नाही. तिकडे जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, आपली माणसं तिला ‘पासिंग’ म्हणतात. दिवा उठला नाही तर पासिंग नाही, आणि पासिंग नाही तर गाडी घरासमोर उभी. मुदत संपायला चार दिवस होते.

हे दिवे लपवण्याचं खूळ आलं कुठून? अमेरिकेतून. 1935 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात ‘कॉर्ड 810’ ही गाडी लोकांनी पाहिली. गॉर्डन ब्युरिग हा तिचा रेखाटनकार. त्या काळी मोटारीचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले असत. ब्युरिगनं ते पुढच्या मडगार्डच्या पोटात दडवले. कॉर्ड यांच्याच मालकीची ‘स्टिन्सन’ ही विमानांची कंपनी होती. विमान उतरवताना लागणारे तिथले दिवे थोडे बदलून या गाडीला बसवले, असं सांगतात. मोटर वगैरे काही नव्हती. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हॅंडल, एकेका दिव्याला एकेक. शिवणयंत्रासारखं ते फिरवत बसायचं. शेजारी कुणी नसेल तर चालवणाऱ्यानं अंधारात पलीकडे वाकून दुसरं फिरवायचं! 1937 मध्ये ही गाडी बंदच पडली, दिसायला इतकी देखणी असूनही.

पुढे ही कल्पना पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ पेंगत होती. ती पुन्हा जागी झाली ती दोन कारणांनी: एक हौस, दुसरं कायदा. अमेरिकेत 1940 पासून नवीन मोटारींना ठरावीक मापाचाच दिवा लावावा लागे. काच, आरसा आणि तार एकत्र बंद केलेला, सात इंच व्यासाचा गोल दिवा. पुढे त्याहून लहान गोल आणि 1975 पासून चौकोनी दिव्यांना परवानगी मिळाली, पण आकार सरकारनं ठरवलेलेच. शिवाय दिवा जमिनीपासून निदान 22 इंच वर हवा. आता स्पोर्ट्‌स कारचं नाक तर मांजरासारखं खाली झुकलेलं. तिथे एवढा मोठा दिवा एवढ्या उंचीवर बसवायचा कसा? दिवसा झोपवायचा, रात्री उठवायचा. कवीला वाटतं सौंदर्य स्वातंत्र्यातून येतं. इथे ते निम्मं नियमाच्या अडचणीतून आलं.

उठवण्याच्या तऱ्हा मात्र अनेक. 1962 च्या ‘लोटस एलान’ या इंग्लिश गाडीत इंजिनाच्या श्वासावर दिवे उठत. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा नळीत जी पोकळी तयार होते, तिच्या ओढीनं. पण एखाद्या नळीला चीर गेली की दिवे हळूहळू मिटू लागायचे, तेही रात्री, धावत्या गाडीत! नंतरच्या एलानमध्ये हे उलटं केलं. पोकळी दिव्यांना खाली धरून ठेवी आणि स्प्रिंग वर ढकली. म्हणजे बिघाड झालाच तर दिवे उघडे राहतील. या गाडीमागचा माणूस रॉन हिकमन, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. सुतारांचं घडीचं ‘वर्कमेट’ टेबलही त्याचंच. मला त्याची ही दुसरी ओळख जास्त आवडते. 1963 च्या ‘कॉर्व्हेट स्टिंग रे’मध्ये विजेच्या मोटरनं दिवे गिरकी घेत. 1968 च्या जर्मन ‘ओपेल जीटी’त गिअरशेजारी एक दांडा होता. तो जोरात ओढला की दोन्ही दिवे एकाच कुशीवर वळत.

जपान्यांनी यातलं सगळ्यात सुटसुटीत यंत्र रूढ केलं. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र छोटी मोटर. तिच्या दांड्यावर एक आखूड हात. मोटर अर्धा फेरा फिरली की हात दिवा वर ढकलतो, उरलेला अर्धा फिरली की खाली ओढतो. कुठे थांबायचं हे तिला कसं कळतं? आत एक तांब्याची चकती असते, अर्धा फेरा झाला की तीच वीज तोडते. भाच्याच्या गाडीत या चकतीवर वाळवंटातली बारीक धूळ आणि वाळलेल्या ग्रीसचा लगदा बसला होता, त्यामुळे मोटर मध्येच थांबायची. अमेरिकेतल्या काही गाड्यांत वेगळंच दुखणं. तिथे मोटरमधले प्लास्टिकचे तुकडे किंवा दाते झिजून भुगा होतात. मोटर घरघरते आणि दिवा ढिम्म. हौशी लोक तिथे पितळी चक्र बसवतात.

आम्ही शारजाच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो. गाड्यांचे सांगाडे, दारांचे ढीग, मधून वाट. एका पठाण दुकानदारानं एकच प्रश्न विचारला, ‘‘डावी की उजवी?’’ भाचा समोरून गाडी पाहतोय असं मनात धरून ‘‘उजवी’’ म्हणाला. घरी आल्यावर कळलं, बाजू चालवणाऱ्याच्या जागेवरून मोजतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी.

संध्याकाळी काम सुरू झालं. आधी फ्यूज काढायचा, नाहीतर झाकण अचानक मिटून बोटं चिरडतात. मग मोटरच्या डोक्यावरची रबरी टोपी काढून खालचं बोंडूक हातानं फिरवत दिवा वर आणायचा. तारेचा जोड सोडवायचा, हात काढायचा, बोल्ट सोडायचे. टॉर्च माझ्या हातात होता. मोटर बसली, फ्यूज लावला, बटण दाबलं. उजवा दिवा उठला आणि डावा झोपला! बंद केलं तर उजवा झोपला, डावा टकटक बघू लागला. हात काढण्यापूर्वी दांड्यावर खूण करायची राहिली होती, तो अर्ध्या फेऱ्यानं उलटा बसला होता. ‘‘मामू, हसू नका,’’ भाचा कळवळून म्हणाला. पुन्हा सगळं सोडलं.

असे दिवे कारखान्यातून यायचे कधीच थांबलेत. 1983 मध्ये अमेरिकेनं हवा तो आकार देता येईल अशा दिव्यांना मुभा दिली, तिथेच लपवण्याची गरज संपली. पुढे काही देशांत दिवसाही दिवे लावणं सक्तीचं झालं. शिवाय वर आलेला दिवा पायी चालणाऱ्याला धडकेत जास्त इजा करतो, याचा विचार होऊ लागला. 2004 मध्ये कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रिट या दोघींनी शेवटची पापणी मिटली.

भाचा यावर हळहळतो. म्हणतो, ‘‘सरकारनं मजा घालवली.’’ मी त्या रात्री त्याला त्याच्या आजोबांचं सांगितलं. 1987 साली आमच्या नाक्यावर एका जीपनं त्यांना उडवलं. वेग फार नव्हता. पण पुढे बसवलेल्या लोखंडी गार्डनं मांडीचं हाड मोडलं. नंतर ते मशिदीत खुर्चीवर बसूनच नमाज पढले, शेवटपर्यंत. आपल्याकडे असे गार्ड बेकायदा आहेत, कारवाई करा, असं केंद्रानं राज्यांना 2017 च्या डिसेंबरात कळवलं. मधे तीस वर्षं गेली. भाचा पाना पुसत गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘हे मला अम्मीनं कधी सांगितलं नाही.’’

मुदतीच्या आदल्या दिवशी पासिंग झालं. मगरिबची अजान होऊन गेली होती. मी गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो, भाच्यानं आतून बटण दाबलं. दोन्ही झाकणं एकदमच उचलली गेली. त्यानं खिडकीतून डोकं काढून मला हात केला, ‘‘मामू, आधी बाजूला व्हा.’’