वन्स मोअर, विथ फीलिंग (अल्बम)

'वन्स मोअर, विथ फीलिंग' हा 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या अमेरिकन अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिकेच्या त्याच नावाच्या संगीतमय भागाचा अल्बम आहे. मूळ भाग ६ नोव्हेंबर २००१ रोजी यूपीएन वाहिनीवर प्रसारित झाला. अल्बम राउंडर रेकॉर्ड्स या कंपनीने २४ सप्टेंबर २००२ रोजी प्रकाशित केला. सर्व गीतांचे शब्द आणि चाली मालिकेचे निर्माते-लेखक जॉस व्हीडन यांच्या असून भागाचे लेखन व दिग्दर्शनही त्यांचेच आहे. वाद्यमेळाची योजना क्रिस्तोफ बेक आणि जेसी टोबायस यांनी केली. गीते पार्श्वगायकांकडून गाऊन न घेता मालिकेतील कलाकारांनीच गायली आहेत.

शीर्षकाचा अर्थ

'वन्स मोअर' हे शब्द मराठी रसिकांना नाट्यगृहातील फर्माइशीमुळे परिचित आहेत. पद रंगले की प्रेक्षकांतून ही आरोळी उठते. प्रस्तुत शीर्षकातील अर्थ मात्र निराळा आहे. इंग्रजीत हे वाक्य तालीम घेणाऱ्याच्या तोंडी असते. स्वर बिनचूक लागले, पण त्यांत प्राण नाही असे जाणवले की तो गायक-वादकांना 'पुन्हा एकदा, पण भाव ओतून' असे सांगतो. कथानकामुळे या शब्दांना आणखी एक छटा लाभली आहे. मालिकेची नायिका मृत्यूनंतर पुन्हा जिवंत झालेली आहे. तिला आयुष्य 'पुन्हा एकदा' मिळाले, पण त्यातला भाव हरपला.

कथानकाची पार्श्वभूमी

अल्बममधील गीते कथेशी इतकी बांधलेली आहेत की पूर्वकथा ठाऊक नसल्यास त्यांतील निम्मा आशय निसटतो. कॅलिफोर्नियातील सनीडेल या काल्पनिक गावात राहणारी बफी समर्स हिच्यावर रक्तपिपासू पिशाच्चे व राक्षस यांच्याशी लढण्याची जबाबदारी आहे. 'द गिफ्ट' या पाचव्या पर्वाच्या अखेरच्या भागात (२२ मे २००१) धाकटी बहीण डॉन हिला आणि जगाला वाचवण्यासाठी ती प्राण देते. सहाव्या पर्वाच्या आरंभी तिची मैत्रीण विलो व इतर सोबती मंत्रसामर्थ्याने तिला परत आणतात. बफी नरकयातना भोगत असेल, आपण तिची सुटका केली, अशी त्यांची समजूत असते. वास्तविक ती परम शांतीच्या ठिकाणी होती आणि मित्रांनी तिला तेथून ओढून आणले. हे ती स्पाइक या पिशाच्चाखेरीज कोणालाही सांगत नाही.

संगीतमय भाग हा सहाव्या पर्वातील सातवा भाग होय. त्यात स्वीट नावाचा राक्षस गावात येतो आणि त्याच्या प्रभावामुळे सारेजण अकस्मात गाऊ व नाचू लागतात. ज्यांचा आवेग अनावर होतो ते नाचता नाचताच जळून भस्म होतात. संगीतिकेचा सर्वसाधारण संकेत असा की पात्रे गातात, पण आपण गात आहोत याची त्यांना जाणीव नसते. येथे पात्रांना ती जाणीव आहे. इतकेच नव्हे, तर 'हे का घडते आहे' हाच दुसऱ्या गीताचा विषय आहे. शिवाय गाताना मनात दडवलेले सत्य बाहेर पडल्यावाचून राहत नाही. त्यामुळे प्रत्येक गीत हे एक प्रकारचे कबुलीजबाब ठरते आणि गीत संपते तेव्हा कथा पुढे सरकलेली असते. अल्बम चित्राशिवाय ऐकला तरी तो सुट्या गाण्यांचा संग्रह वाटत नाही, याचे कारण हेच आहे.

निर्मिती

व्हीडन हे व्यवसायाने संगीतकार नव्हेत. या भागासाठी त्यांनी पियानोवर मेहनत घेतली आणि गीतरचनेसाठी कित्येक महिने खर्च केले. त्यांनी बांधलेल्या चालींना वाद्यमेळाचे रूप देण्याचे काम बेक आणि टोबायस यांनी केले. बेक हे मालिकेच्या आरंभीच्या पर्वांचे पार्श्वसंगीतकार होते आणि त्या कामासाठी त्यांना १९९८ मध्ये एमी पुरस्कार मिळाला होता. नृत्यदिग्दर्शन ॲडम शँकमन यांचे होते.

कलाकारांची गायनातील तयारी सारखी नव्हती. जाइल्सची भूमिका करणारे अँथनी हेड यांना लंडनच्या संगीत रंगभूमीचा अनुभव होता. स्पाइकची भूमिका करणारे जेम्स मार्स्टर्स हेही गाणारे होते. स्वीटच्या भूमिकेसाठी ब्रॉडवेवरील गायक-नर्तक हिंटन बॅटल यांना पाचारण करण्यात आले. तीन टोनी पुरस्कार मिळवणारा हा कलाकार या मेळाव्यातला खरा व्यावसायिक. उलट विलोची भूमिका करणाऱ्या ॲलिसन हॅनिगन यांनी आपल्याला शक्य तितके कमी गायला द्यावे अशी विनंती केली. डॉनची भूमिका करणाऱ्या मिशेल ट्रॅक्टनबर्ग यांनी गाण्यापेक्षा नृत्य पसंत केले. म्हणून त्यांच्या वाट्याला एक अगदी लहान गीत आणि 'डॉन्स बॅले' हा वाद्यसंगीताचा तुकडा आला. बफीची भूमिका करणाऱ्या सेरा मिशेल गेलर आरंभी गाण्यास नाखूष होत्या. पुढे मात्र त्यांनी सर्व गीते स्वतःच्याच आवाजात गायली. त्यांचा आवाज लहान आणि काहीसा सावध आहे. निष्प्राण मनाने दिवस ढकलणाऱ्या नायिकेला तो शोभतो, आणि एखाद्या कसलेल्या गायिकेकडून हा परिणाम साधला असता की नाही याविषयी शंका आहे.

गीते

अल्बममधील गीतांचा क्रम भागातील क्रमाप्रमाणेच आहे. 'गोइंग थ्रू द मोशन्स' हे बफीचे पहिले गीत स्मशानात, पिशाच्चांशी लढता लढता गायले जाते. चाल प्रसन्न, थेट ॲनिमेशनपटांतील नायिकांच्या गीतांच्या वळणाची. आशय मात्र आपण केवळ यंत्रवत जगत असल्याचा आहे. 'आय हॅव गॉट अ थिअरी' या समूहगीतात प्रत्येक पात्र आपापला तर्क मांडते. त्यातच सशांना घाबरणारी आन्या (एमा कॉलफील्ड) एकाएकी विद्युत गिटारच्या गदारोळात रॉक शैलीत गाऊ लागते. 'आय विल नेव्हर टेल' हे आन्या आणि झँडर (निकोलस ब्रेंडन) या वाग्दत्त जोडप्याचे द्वंद्वगीत १९३० च्या दशकातील नृत्यपटांच्या धर्तीवर बांधलेले आहे. शीर्षकात न सांगण्याची ग्वाही आणि गीतात लग्नाविषयीच्या साऱ्या धास्तीचे वाचन, अशी त्यातील गंमत आहे. मालिकेचे लेखक-निर्माते डेव्हिड फ्युरी आणि मार्टी नॉक्सन यांनी अनुक्रमे 'द मस्टर्ड' व 'द पार्किंग तिकीट' ही अगदी छोटी गीते गायली आहेत.

'अंडर युअर स्पेल' हे टारा (ॲम्बर बेन्सन) हिचे विलोला उद्देशून असलेले प्रेमगीत अल्बममधील सर्वांत सुरेल गीत म्हणावे लागेल. 'मी तुझ्या मोहिनीखाली आहे' हा प्रेमिकांचा नेहमीचा अलंकार. परंतु विलोने दोघींतील भांडणाची आठवण टाराच्या मनातून मंत्राने खरोखरच पुसून टाकली आहे आणि गाताना टाराला हे ठाऊक नाही. अलंकार अक्षरशः खरा असल्याचे तिला नंतर उमगते. तेव्हा हेच गीत जाइल्सच्या 'स्टँडिंग' या गीताशी गुंफून पुन्हा येते. एक विलोला सोडण्याचा आणि दुसरा बफीला तिच्या पायांवर उभे राहता यावे म्हणून दूर जाण्याचा निर्णय घेत असतो. दोन भिन्न चाली एकमेकींवर बसतात, पण गाणाऱ्या दोघांना परस्परांच्या मनातले काहीच कळलेले नसते. रचनेच्या दृष्टीने ही अल्बममधील सर्वांत कौशल्याची जागा आहे. 'वॉक थ्रू द फायर' या समूहगीतातही वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेली पात्रे आपापल्या ओळी गात एका जागी येतात.

'समथिंग टू सिंग अबाउट' हे कथेचे शिखर होय. बफी ते स्वीटसमोर आणि सर्व मित्रांच्या उपस्थितीत गाते. आरंभीचा उसना उत्साह ओसरतो, लय बदलते आणि आपण स्वर्गात होतो हे सत्य तिच्या तोंडून बाहेर पडते. ते ऐकून सर्वाधिक हादरते ती तिला परत आणणारी विलो. त्यानंतर बफी स्वतःच जळून जाण्याच्या वेगाने नाचू लागते आणि स्पाइक तिला थांबवतो. अखेरच्या 'व्हेअर डू वी गो फ्रॉम हिअर?' या समूहगीतात राक्षस निघून गेलेला असला तरी उघड झालेली गुपिते परत झाकता येत नाहीत. संगीतिकेच्या समाप्तीला सगळे एकत्र येऊन आनंदाने गातात, हा संकेत येथे जाणूनबुजून मोडला आहे.

इतर संगीत

अल्बमच्या उत्तरार्धात बेक यांचे मालिकेतील अन्य भागांसाठी रचलेले पार्श्वसंगीत आहे. ही केवळ जागा भरण्यासाठी केलेली भर नव्हे. 'हश' (१४ डिसेंबर १९९९) या भागात गावातील सर्वांचे आवाज चोरीला जातात आणि निम्म्याहून अधिक वेळ एकही संवाद होत नाही. तेथे सारा भार संगीतावर पडतो. एका भागात आवाजच नाही, दुसऱ्यात तो आवरता येत नाही, अशी ही जोडी आहे. 'रेस्टलेस' (२३ मे २०००) या स्वप्नांवर आधारित भागाचे संगीतही येथे आहे. 'सॅक्रिफाइस' हा तुकडा 'द गिफ्ट'मधील बफीच्या मृत्यूप्रसंगाचा. अल्बममध्ये तो तिच्या पुनर्जन्मानंतरच्या गीतांनंतर येतो, त्यामुळे श्रोत्याला परिणाम आधी आणि कारण नंतर ऐकू येते. 'समथिंग टू सिंग अबाउट'चा प्राथमिक नमुनाही अल्बममध्ये आहे. तो व्हीडन आणि त्यांच्या तत्कालीन पत्नी काई कोल यांनी गायलेला आहे.

नृत्य, अभिनय आणि गीतांमधले बरेचसे संवाद मात्र अल्बममध्ये येऊ शकत नाहीत. 'डॉन्स बॅले' पाहणाऱ्याला राक्षसाच्या चाकरांनी घेरलेली मुलगी दिसते. केवळ ऐकणाऱ्याच्या वाट्याला तणावपूर्ण वाद्यसंगीत येते.

पुरस्कार आणि प्रभाव

संगीतमय भागाला २००२ मध्ये संगीत दिग्दर्शनासाठी एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. त्या वर्षी नामांकनाच्या प्राथमिक मतपत्रिकेत या भागाचे नावच छापायचे राहून गेले होते आणि सदस्यांना टपालाने तसे कळवावे लागले. ह्यूगो आणि नेब्युला या विज्ञानकथा व अद्भुतकथा क्षेत्रातील पुरस्कारांसाठीही तो नामांकित झाला.

दूरचित्रवाणी मालिकेत संगीतमय भाग करण्याचा हा पहिला प्रयोग नव्हता. 'झीना: वॉरियर प्रिन्सेस' या मालिकेचा 'द बिटर स्वीट' हा भाग १९९८ मध्ये आला होता आणि त्याचाही अल्बम निघाला होता. मात्र नंतरच्या काळात अशा भागांची चर्चा निघाली की तुलना प्रामुख्याने याच भागाशी होऊ लागली. व्हीडन यांनी २००८ मध्ये 'डॉक्टर हॉरिबल्स सिंग-अलाँग ब्लॉग' ही इंटरनेटवरील लघुसंगीतिका केली.

अमेरिकेतील काही चित्रपटगृहांत या भागाचे सामूहिक गायनासह खेळ होऊ लागले. पडद्यावर भाग चालू असताना प्रेक्षक सर्व गीते त्याबरोबर म्हणत. ऑक्टोबर २००७ मध्ये कलाकारांच्या मानधनाच्या प्रश्नावरून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने अशा खेळांना परवानगी देणे थांबवले.