दुग्धप्रथिन-ॲलर्जी : अर्भकांचा आहार
गायीच्या दुधातील केसीन व बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनांविरुद्ध अर्भकाच्या प्रतिकारसंस्थेने दिलेली प्रतिक्रिया. शौचातून रक्त, जुलाब, उलट्या, अंगावर पित्त उठणे, वजन न वाढणे ही लक्षणे. लॅक्टोज न पचणे हा वेगळा विकार असल्याने लॅक्टोजविरहित पावडर येथे उपयोगी नाही.

बाळ अंगावर पीत असल्यास स्तनपान चालूच ठेवावे; लक्षणे असतील तर आईने दूध, दही, पनीर वर्ज्य करून कॅल्शियम घ्यावे. वरच्या दुधावरील बाळास प्रथिनांचे सूक्ष्म विघटन केलेली पावडर देतात. तीव्र विकारात अमिनो आम्लांची. दोन्ही महाग असल्याने भारतात सहा महिन्यांनंतर सोयायुक्त पावडरीचा पर्यायही वापरतात. शेळी-म्हशीच्या दुधातील प्रथिने गायीच्या दुधासारखीच असल्याने ती टाळावीत.

दूध-लस्सीला आहारात मानाचे स्थान असलेल्या पंजाब-हरियाणातील अशा बालरुग्णांसाठी चंडीगढची पीजीआय ही वैद्यकीय संस्था (स्थापना १९६२) हे प्रमुख उपचारकेंद्र आहे. निदानासाठी दूध बंद करून, लक्षणे शमल्यावर वैद्यकीय देखरेखीखाली पुन्हा देऊन पाहतात. बहुतेक मुलांना पुढे दूध सोसू लागते; म्हणून पथ्य कायमचे समजू नये.