सोपाऱ्याचा शोक आणि स्वभावाची शिस्त

आचोळे हे गाव आज नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेकडील दाट वस्तीत बुडून गेले असले, तरी रूळ ओलांडून पश्चिमेस गेले की जे प्राचीन सोपारे लागते, त्याच्या भूमीत मनुष्याच्या मनोविकारांविषयीच्या ख्रिस्ती चिंतनाचा एक हृदयद्रावक अध्याय घडलेला आहे. 'स्वभावाला औषध नाही' असे आपण सहज म्हणून जातो. ख्रिस्ती परंपरेने ही म्हण अर्धीच मान्य केली. स्वभाव उपजत असतो याविषयी तिला शंका नव्हती. मात्र त्यातून उसळणाऱ्या विकारांना वळण लावण्याचे दायित्व तिने ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविले.

सन 1321 मध्ये ठाण्यास एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी चार फ्रान्सिस्कन साधू उतरले होते. ओडोरिक या इटालियन साधूने पुढे लिहून ठेवलेल्या वृत्तांताप्रमाणे, त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारहाण केली आणि ती फिर्याद घेऊन काजीकडे गेली. साक्षीसाठी साधूंना पाचारण झाले, जाबसालाला धर्मवादाचे रूप आले आणि अखेर चौघेही प्राणास मुकले. एका घरातल्या घटकाभराच्या संतापाची परिणती कोठवर गेली! त्यांचा सहप्रवासी, डोमिनिकन संघाचा जॉर्डानस, त्या वेळी गुजरातच्या बाजूस गेला होता. वार्ता कळताच तो परतला, आणि ते मृतदेह सोपाऱ्यास आणून त्याने तेथील देवळात पुरले.

या जॉर्डानसची पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत पराक्रमाची भाषा थोडी आणि विलाप फार. आपण एकटे उरलो, पोरके झालो, अनोळखी मुलुखात भटकत आहोत, कोणीतरी सोबती पाठवा, असा त्यांचा सूर आहे. हा विलाप त्याच्या श्रद्धेला उणेपणा आणणारा होता काय? त्याच्याच संघातील थोर तत्त्वज्ञ थॉमस अक्विनास, ज्याला 1323 मध्ये, म्हणजे जॉर्डानस या किनाऱ्यावर शोक करीत असतानाच, संतपद मिळाले, त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. मनोविकार मूलतः चांगलेही नसतात व वाईटही नसतात, विवेक त्यांना कोणती दिशा देतो यावर त्यांचे मोल ठरते, असे सांगून त्याने एकंदर अकरा विकार गणिले. दुःखावर त्याने पाच उपाय सांगितले: सुखद अनुभव, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी निद्रा व स्नान. एवढ्या प्रचंड धर्मग्रंथात, तत्त्वचर्चेच्या ऐन भरात, झोप आणि अंघोळ यांची शिफारस करणाऱ्या त्या पंडिताविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. जॉर्डानसपाशी यांतील तिसरा उपाय तेवढा नव्हता. तोच तो पत्रांतून मागत होता.

स्वभावांचे वर्गीकरण हा तेव्हा वैद्यांचा प्रांत होता. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार द्रवांवरून उल्हासी, संथ, तापट व विषण्ण अशा चार प्रकृती ग्रीक वैद्यकाने मानल्या होत्या. ज्याच्याकडे मुंबई बेट इजाऱ्याने होते आणि ज्याचा औषधींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यास छापला गेला, तो गार्सिया द ओर्ता याच वैद्यकात मुरलेला. आपल्या वात-पित्त-कफाशी या विचाराचे नाते ओळखू येण्याजोगे आहे. प्रकृतीचे निदान झाले तरी क्रोध आवरावा कसा, हा प्रश्न मात्र उरतोच.

1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, आणि त्यानंतर आलेल्या जेझुइटांनी या प्रश्नाला एक काटेकोर रीत दिली. त्यांच्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात आठवड्यातील प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखून, आपल्या एका निवडक दोषाची जितक्यांदा पुनरावृत्ती झाली तितके ठिपके दुपारी व रात्री त्यांवर द्यावेत, आणि कालच्या ठिपक्यांशी आजचे ताडून पाहावेत, असे सांगितले आहे. मन उदास असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये, हा त्याच ग्रंथातील दंडक.

वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथील भाषेत निष्णात झाला; परंतु त्यांच्या संघात प्रवेशाची त्याची इच्छा सफळ झाली नाही. तो व्यापारात पडला. त्या वर्षांत त्याच्या मनाची तगमग किती झाली असेल याची कल्पनाच करावी. पण मूळची ओढ त्याने टाकली नाही, हे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू होऊन त्याने सिद्ध केले. दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रूसावर मरण पावला, आणि 1862 मध्ये संत ठरला.

1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज अंमल गेला, तरी उपासकाळ, पापनिवेदन व सायंकाळची जपमाळ वसईकर ख्रिस्ती घरांतून चालूच राहिली. 1966 मध्ये टिम लाहे या अमेरिकन धर्मोपदेशकाने त्या जुन्या चार प्रकृतींना ख्रिस्ती वाचकांत नव्याने लोकप्रिय केले. अशा कोष्टकांनी स्वतःची थोडीफार ओळख पटत असेल. परंतु 'मी मुळातच तापट' ही सबबही त्यांतूनच हाती लागते, आणि ती मला घातक वाटते. उपासकाळाच्या प्रवचनात श्रोत्याची प्रकृती कोणती, हे कोणी विचारीत नाही. ज्या भावाशी अबोला धरला आहे त्याच्याशी आधी समेट कर आणि मग वेदीपुढे ये, ही शुभवर्तमानातील आज्ञा तापटालाही लागू असते आणि संथालाही.