मौजे, मजरे, बुद्रुक आणि खुर्द

जुन्या कागदांच्या नकला करितांना पुष्कळ संग्राहक गांवाचें नांव तेवढें उतरून घेतात. नांवापूर्वींचे ‘मौजे’, ‘कसबे’, ‘मजरे’ हे शब्द आणि नांवामागून येणारीं ‘बु॥’, ‘खु॥’ हीं अक्षरें निरर्थक समजून गाळतात. प्रस्तुत लेखकाकडूनही हा प्रमाद एकदां घडला. मूळ कागद पुढें कसरीनें खाल्ला, आणि त्यांतील वडगांव कोणतें हें कळण्याचा मार्ग आतां उरला नाहीं.

वस्तुतः वस्ती कशी झाली याची साक्ष याच अक्षरांत असते. मौजे म्हणजे स्वतंत्र गांव. मजरे म्हणजे त्यास जोडलेली, बहुधा शेताजवळ वाढलेली वस्ती. कसब्यास बाजारपेठ असे. बुद्रुक हें फारसी ‘बुजुर्ग’ याचें रूप, खुर्द म्हणजे धाकटें. पुण्याजवळचीं वडगांव बुद्रुक व वडगांव खुर्द हीं अशींच जोडगांवें. मात्र हें थोरपण नांव पडलें त्या काळचें. पुढें कोठें खुर्द वाढलेलें दिसलें म्हणून कागद खोटा ठरवूं नये.

देशावर पाण्याच्या व संरक्षणाच्या सोयीनें घरें एका पांढरीवर दाटलेलीं, भोंवतीं गांवकूस, पलीकडे काळी. कोंकणांत पाऊस विपुल, सपाट जमीन थोडी व तुटक. म्हणून एकाच मौज्याच्या वाड्या दूरदूर विखुरलेल्या. ‘वाडी’ हा शब्द संस्कृत ‘वाटिका’ याचा, म्हणजे मुळांत बाग. नारळी-पोफळींत उभें असलेलें कोंकणी घर पाहिलें कीं हा अर्थ सांगावा लागत नाहीं. तेव्हां कोंकणच्या कागदांत नुसत्या वाडीचें नांव आलें, तर आधीं तिचा मौजा शोधावा, मग इनाम कोणाचें याचा वाद घालावा.