नवरंगाचे गोत्र

रोहिणी सरत आल्या आणि मृगाच्या सरींची चाहूल लागली, की पेंच, बोर, नागझिरा अशा नागपूरच्या आसपासच्या जंगलांत सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची एक शीळ ऐकू येऊ लागते. शीळ घालणारा सहसा दिसत नाही. दिसलाच तर मैनेहून लहान, शेपूट जवळजवळ नसलेला, पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत किडे-गांडुळे शोधणारा. पाठ हिरवी, छाती बदामी, गळा पांढरा, डोळ्यावरून जाड काळी पट्टी, पंखावर चमकता निळा, शेपटीखाली कुंकवासारखा लाल. मराठीत हा नवरंग, हिंदीत नौरंग. नऊ रंग मोजण्याचा प्रयत्न मी केला आहे. सात-आठपर्यंत मजल जाते, पुढे थोडे उदार व्हावे लागते.

या पक्ष्याचे शास्त्रीय नाव पिट्टा ब्रॅकियुरा. त्यातला दुसरा शब्द ग्रीक, अर्थ ‘आखूड शेपटीचा’. पहिला मात्र आपल्या शेजारचा आहे. तेलुगूत ‘पिट्ट’ म्हणजे लहान पक्षी. अठराव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या किल्ल्यात एडवर्ड बल्कली नावाचा एक शल्यवैद्य होता. त्याने तिथल्या पक्ष्यांची माहिती स्थानिक नावांसकट लंडनला जेम्स पेटिव्हरकडे धाडली आणि ती जॉन रे याच्या १७१३ साली निघालेल्या पक्षिग्रंथाच्या पुरवणीत छापली गेली. तीत हा पक्षी ‘पोन्नुंकी पिट्टा’ म्हणून येतो. सोबत इंग्रजी नाव दिले आहे ते ‘मद्रासचा जे’. जे हा कावळ्याच्या कुळातला विलायती पक्षी. चूक तिथून सुरू झाली. १७६६ साली लिनियसने एडवर्ड्स आणि ब्रिसन यांच्या वर्णनांवर विसंबून नवरंगाला चक्क कावळ्यांच्या प्रजातीत बसवले आणि नाव दिले ‘कॉर्व्हस ब्रॅकियुरस’. पुढे १८१६ मध्ये फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ व्हिएयो याने त्याची वेगळी प्रजाती केली आणि तिला ‘पिट्टा’ हेच नाव दिले. आज आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या या साऱ्या कुळाला जग एका तेलुगू शब्दाने ओळखते.

तेलुगू म्हटले की आपल्याला आंध्र आठवते. पण सिरोंचा आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात आहे आणि तिथे तेलुगू घराघरात बोलली जाते. शिवाय गोंडीतही पक्ष्याला ‘पिट्टे’ म्हणतात. ज्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, नागपूर वसवले, त्याच्या लोकांच्या तोंडचा शब्द आणि जगभरच्या पक्षिसंग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवरचा शब्द एकाच मुळाचे निघावेत, याचे मला अजून नवल वाटते. आपण मात्र तो शब्द इंग्रजी पुस्तकांतून शिकलो.

कावळ्यातून सुटका झाली तरी गोत्राचा प्रश्न मिटला नव्हता. हिंदुस्थानातले इंग्रज त्याला ‘ग्राउंड थ्रश’, म्हणजे जमिनीवरचा कस्तूर, म्हणत. दिसण्यावरून नाती लावली की असेच होते. उत्तर सापडले ते गळ्यात. १८४७ साली बर्लिनच्या योहानेस म्यूलरने झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांचे स्वरयंत्र फाडून तपासले आणि दाखवून दिले, की त्यांत दोन जाती आहेत: एकीच्या स्वरयंत्राला स्नायूंच्या पुष्कळ जोड्या, दुसरीचे त्या मानाने साधे. १८७०च्या दशकात आल्फ्रेड गॅरॉडने पिट्टाचा गळा तपासला, तो दुसऱ्या जातीचा निघाला.

या दुसऱ्या जातीचे बहुतेक पक्षी कुठे राहतात? दक्षिण आणि मध्य अमेरिकेत. मॅनाकिन, कोटिंगा, मुंगीपक्षी, टायरंट माशीमार मिळून हजाराच्या वर जाती. आपल्या बाजूच्या जुन्या जगात मात्र पिट्टा, ब्रॉडबिल आणि मादागास्करचे असिटी मिळून शंभरसुद्धा भरत नाहीत. टॅनेजर हे दक्षिण अमेरिकेच्या अरण्यातले रंगीबेरंगी पक्षी चित्रात पाहिले तर ते नवरंगाचे सख्खे वाटतात. पण टॅनेजर गोत्राने आपल्या अंगणातल्या चिमणीचा, आणि नवरंग ॲमेझॉनमधल्या मॅनाकिनचा. उलट पनामा ते इक्वेडोर भागात सपायोआ नावाचा एक मळकट हिरवा पक्षी आहे. तो आजूबाजूच्या पक्ष्यांपेक्षा आपल्या बाजूच्या ब्रॉडबिल-पिट्टांना जवळचा, हे जनुकांच्या अभ्यासातून २००३ च्या सुमारास पुढे आले. भाऊबंदकी इतकी लांब पसरलेली.

या गोत्राची खूण म्हणजे गाणे. दयाळ किंवा बुलबुल लहानपणी मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतो, म्हणून गावोगाव त्याच्या लकबी बदलतात. नवरंगाच्या अमेरिकी भाऊबंदांत बहुतेकांना गाणे शिकावे लागत नाही. फीबी या त्याच गोत्रातल्या पक्ष्याची पिल्ले क्रूड्स्मा आणि कोनिशी यांनी बहिरी केली, तरी मोठेपणी ती बिनचूक गायली. हा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. (कोटिंगांपैकी घंटापक्षी मात्र शिकतो. निसर्गाला आपले नियम तोंडपाठ नसतात.) दक्षिणेत हिवाळा काढणारा नवरंग तिथेही पहाटे आणि तिन्हीसांजेला बोलतो. तमिळ लोक त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात. नाव देताना त्यांनी रंग बाजूला ठेवला आणि कान लावला. लिनियसला जे जमणे शक्य नव्हते.

नागपूरला ऐकण्याची आणि टिपण्याची परंपरा जुनी आहे. अजब बंगल्यातल्या, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या ई. ए. डिॲब्रू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी १९३५ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. इंग्रजीत, अर्थातच. मराठीत ते काम उभे केले मारुती चितमपल्लींनी. आयुष्याचा मोठा भाग नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात घालवून, आदिवासींकडून शब्द वेचून त्यांनी पक्षिकोश सिद्ध केला. ‘काकागार’सारखे शब्द भाषेत रुळवले. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. गोंडी, माडिया, कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांकडे असलेली पक्ष्यांची नावे नीट उतरवून घेण्याचे काम मात्र अजून पुष्कळ उरले आहे आणि ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

नवरंगाची अडचण त्याहून साधी आहे. त्याला पाचोळा लागतो. अन्न पाचोळ्याखाली, घरटेही वाळक्या पानांचे आणि गवताचे, गोल, बाजूला दार असलेले, जमिनीवर किंवा बुटक्या फांदीवर. त्यात चार-पाच चकचकीत पांढरी अंडी, जांभळट ठिपक्यांची. उन्हाळ्यात मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. त्या आगी पसरतात. आग लावणाऱ्याला दोष देणे शहरात बसून सोपे आहे. मोह आणि तेंदू ही त्याची वर्षाची रोकड असते. काही गावांत झाडाखाली जाळी अंथरून फुले झेलतात. तिथे जाळावे लागत नाही.

आणि नवरंगाची पिल्ले वाढतात त्या ऐन पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र पर्यटकांना बंद असते. म्हणून विदर्भातल्या कित्येक जंगलप्रेमींनी तो पाहिलेला नसतो. ज्याला ऐकायचा असेल त्याने जुलैत पहाटे एखाद्या गावाच्या शिवेवर, रान सुरू होते तिथे, उभे राहावे. सहाच्या आत.